सव्वा महिन्याचं काळीज

दात घासता घासता समेळ मध्येच थांबले, की मी समजायचे, माझ्या काळजाचा एखादा ठोका मागेपुढे झाला. ब्रश तोंडात तसाच धरून ते स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि फेसाळल्या तोंडानं माझ्याकडे बघत राहायचे. मी कणीक मळत असायचे, नाहीतर उगीच खिडकीतून शेजारच्यांच्या पपईकडे बघत असायचे.

"काही नाही हो. चूळ भरा जा," मी म्हणायचे. मग ते जायचे, पण मागे वळून बघत.

समेळ म्हणजे माझे यजमान, उल्हास समेळ. पेण डेपोचे शेवटचे कंडक्टर. एसटी आपली आपण चालायला लागली आणि प्रवाशाच्या चेहऱ्यावरूनच तिकीट कापलं जायला लागलं, तेव्हा डेपोनं त्यांना शाल पांघरून घरी बसवलं. डेपोत सगळे त्यांना आडनावानंच हाक मारायचे, त्यामुळे लग्नानंतर मलाही तीच सवय लागली. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'अहो'.

त्यांच्या मनगटावर एक कडं होतं. करड्या रबरासारखं, दिसायला अगदीच सामान्य. माझ्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, नाण्याएवढी एक चकती बसवली होती. माझ्या हृदयाचा एक ठोका पडला की या चकतीकडून त्या कड्याला खबर जायची आणि समेळांच्या मनगटावर एक हलकी टिचकी बसायची. दिवसाला लाखभर टिचक्या. जेवताना, पेपर वाचताना, झोपेत. मला राग आला की त्यांना कळायचं. मी घाबरले की कळायचं. गोळी घेतली म्हणून खोटं बोलले, तरी कळायचं. इतक्या वर्षांत या माणसाला माझ्या मनातलं कधी समजलं नव्हतं, आणि आता एकदम सगळंच समजायला लागलं.

चकतीला कंपनीनं नाव दिलं होतं 'राखण', आणि कडं घालणाऱ्याला 'सोबती'. शेजारच्या बायका म्हणायच्या, "वैजयंतीताई, नशीब काढलंत. नवऱ्यानं यमाच्या दारातून परत आणली. आता वटपौर्णिमेला समेळांनीच वडाला फेऱ्या मारायच्या." मी हसायचे. फार नाही, बेतानं. फार हसलं की छातीत आतून ढुशी बसायची.

*

झालं ते असं.

आमच्या भाऊंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पेणला गणपतीचा कारखाना होता. आता तो माझा धाकटा भाऊ संदेश चालवतो. मूर्ती हल्ली यंत्रं घडवतात, शाडूचा थर थरावर सोडत. रंगही यंत्रच फवारतं. डोळे मात्र अजून हातानं काढतात. यंत्राचे डोळे वाईट नसतात, अगदी रेखीव असतात, पण गिऱ्हाईक मूर्तीसमोर उभं राहतं, जरा डावीकडे सरकतं, जरा उजवीकडे सरकतं आणि म्हणतं, "हा आमच्याकडे बघत नाहीये." डोळे काढायच्या या कामाला आम्ही आखणी म्हणतो. चाळीस वर्षं मी आखणीच करत आले.

आखणीत रंग आणि ब्रश नंतर, आधी श्वास. मी सतरा वर्षांची असताना भाऊंनी शिकवलं: अर्धा श्वास सोडायचा आणि तिथेच थांबायचं. थोड्या वेळानं काळीज आपसूक संथ होतं, दोन ठोक्यांमध्ये अंतर पडतं. त्या अंतरात रेघ ओढायची. ठोका बोटांच्या टोकापर्यंत पोचतो आणि पापणीची रेघ केसाएवढी असते. ठोक्यावर ओढली तर तिला काटा येतो. काटा आलेला डोळा रागावलेला दिसतो, आणि रागावलेला गणपती घरी कोण नेणार?

भाऊंचा आणखी एक नियम होता. ज्यानं उजवा डोळा उघडला त्यानंच डावा उघडायचा. दोन डोळे दोन हातांचे झाले की नजर फुटते, असं ते म्हणायचे. काही कारणानं बैठक मोडलीच तर मूर्ती लाल फडक्यात गुंडाळून ठेवायची. चतुर्थीच्या आत त्याच हातानं ती पुरी झाली तर ठीक, नाहीतर भोगावती नदीत सोडून द्यायची. एका डोळ्याच्या देवाला कारखान्यात ठेवून बाकीचे देव लोकांच्या घरी पाठवायचे नाहीत.

फाल्गुनातल्या एका दुपारी मी एका दीड फुटी मूर्तीचा उजवा डोळा पुरा केला, ब्रश धुतला, डाव्यासाठी श्वास सोडला आणि खाली कोसळले. मला यातलं काही आठवत नाही. समेळ रोजच्यासारखे माझा डबा घेऊन आले होते आणि दारात चपला काढत होते. एसटीत त्यांना प्रथमोपचार शिकवले होते. तीस वर्षांत प्रवाशांवर ते शिक्षण कधी वापरावं लागलं नव्हतं, ते सगळं त्यांनी माझ्या छातीवर वापरलं. अकराव्या मिनिटाला शॉकचं यंत्र घेऊन ड्रोन अंगणात उतरला. तोवर ते दाबत होते. माझ्या दोन फासळ्या मोडल्या आणि मी वाचले.

पनवेलच्या इस्पितळात मला जाग आली तेव्हा समोरच्या इमारतीत एक बाई गॅलरीत गोधड्या वाळत घालत होती. एक गोधडी तिच्या हातून निसटली, खाली पडली, आणि ती खाली वाकून कुणालातरी हाका मारायला लागली. ते बघून मला रडू फुटलं. किती चांगलं चाललंय सगळं, असं वाटलं. गोधड्या आहेत, ऊन आहे, खाली हाक ऐकणारं कुणीतरी आहे, आणि हे बघायला मी आहे. दुपारी बिनमिठाची खिचडी आली, तीसुद्धा मी बोटं चाटून खाल्ली. उगाच खोटं कशाला सांगू, तेवढी सुखी मी आयुष्यात क्वचितच होते.

*

डॉक्टर तस्नीम काझी पंचेचाळिशीच्या आतली, बारीक आवाजाची बाई. तिनं आम्हाला समोर बसवून समजावलं.

"काकू, हृदयात प्रत्येक ठोक्याला विजेची एक लाट वरून खाली जाते. तुमच्या हृदयात ती लाट मध्येच फुटली. मग ठोका पडत नाही, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही. असं एकदा झालं की परत होऊ शकतं. पण ते अचानक होत नाही. आपल्याला अचानक वाटतं. काही मिनिटं आधीपासून ठोक्यांची चाल बारीक बिघडत जाते. राखण ती चाल वाचते. बिघडतेय असं वाटलं की एक छोटी ढुशी देते, हृदय परत ताळ्यावर येतं. मोठ्या शॉकची वेळच येत नाही."

"पण बिघडलेली कुठली आणि चांगली कुठली, हे तिला कसं कळतं?" समेळांनी विचारलं.

"छान प्रश्न विचारलात. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून राखण आधी शिकते. चाळीस दिवस. या चाळीस दिवसांत ती जे बघेल ते तिच्या लेखी तुमचं नेहमीचं जगणं. त्यानंतर तिची वही बंद होते. मलाही उघडता येत नाही. पूर्वी आम्ही डॉक्टर त्यात हात घालायचो, त्यात माणसं दगावली. म्हणून काकू, हे चाळीस दिवस तुम्ही रोजच्यासारखं वागा. जिने चढा, बाजारात जा, काम करा, काकांशी भांडा. तिला सगळं दिसू द्या."

हे सगळं ऐकायला माझी मोठी नणंद, नलूवन्सं, रोह्याहून आली होती. तिनं त्यातले दोनच शब्द ऐकले.

"चाळीस दिवस म्हणजे सव्वा महिना," ती गाडीत म्हणाली. "हे डॉक्टर आज सांगतायत. आपल्याकडे कधीपासून आहे. मेलेली बाई परत आली म्हणजे दुसरा जन्मच की. बाळंतिणीसारखंच जपायला पाहिजे."

आणि जपलं. कान बांधून मला खाटेवर घातलं. आळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, पायाशी शेक. पाण्यात हात घालायचा नाही, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. टीव्हीवरची बातमीसुद्धा नलूवन्सं आधी बघायची आणि मग मला सांगायची. समेळ संडासाच्या दारापर्यंत हात धरून न्यायचे.

मी दोघांनाच दोष देणार नाही. डॉक्टरनं काय सांगितलं ते मलाही ऐकू आलं होतं. पण मी घाबरलेली होते. आणि खरं म्हणजे मला बरं वाटत होतं. सतराव्या वर्षापासून मी कामाला जुंपलेली, मला कुणी असं खाटेवर बसवून भरवलं नव्हतं. एकुलत्या एका मुलीच्या बाळंतपणात मी बाविसाव्या दिवशी कारखान्यात गेले होते. राहून गेलेला सव्वा महिना असा मिळाला.

एक्केचाळिसाव्या दिवशी राखणची वही बंद झाली. तिनं चाळीस दिवस एक बाई बघितली होती, जी खाटेवर पडून लाडू खाते. ती बाई म्हणजे मी, असं तिनं कायमचं लिहून ठेवलं.

*

बेचाळिसाव्या दिवशी मी गच्चीवर पापड वाळत घालायला निघाले. सातव्या पायरीवर पहिली ढुशी बसली. वासरानं गायीला मारावी तशी, आतून, बरगडीखाली. नवव्या पायरीवर दुसरी. खालून समेळ ओरडत आले. पापड गच्चीवर गेलेच नाहीत.

मग मी शिकले. जिना नको. बाजार नको, तिथे घासाघीस होते. हसणं बेतानं. तिखट नको, उचकी लागते. मुलीचा बंगळुरूहून फोन आला तर नातवाला म्हणायचे, "सोन्या, आजीला गंमत नंतर सांग, हळूहळू सांग." जन्मभर मी सासूची मर्जी सांभाळली नव्हती, आता माझ्याच छातीतल्या चकतीची सांभाळायला लागले.

आणि समेळ भांडेनासे झाले. हे मला सगळ्यात लागलं.

आमचं लग्न भांडणावर टिकलेलं. चहात साखर किती, पंखा किती नंबरवर, त्यांच्या बहिणीनं माझ्या आईला लग्नात काय म्हटलं, यावर आम्ही तेहतीस वर्षं न चुकता भांडलो. त्यात आमच्या दोघांचा दिवस जायचा. आता मी आवाज चढवायची खोटी, ते मनगटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

"अहो, पण तुम्हाला पटलंय का?"

"पटलं, पटलं."

एकदा मी मुद्दाम म्हटलं की कंडक्टरकी म्हणजे काही काम नव्हे, बसून फुकट फिरणं. ही माझी ठेवणीतली तोफ होती. समेळांचा चेहरा क्षणभर लाल झाला. मग त्यांनी कड्यावर दुसऱ्या हाताचा पंजा ठेवला आणि ते हळूच म्हणाले, "खरंय तुझं." मी न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडला होता, आवाज बाहेर जात नव्हता. अर्ध्या मिनिटात दारावर थाप पडली.

"वैजू? काय होतंय?"

ज्यानं जीव वाचवला त्याला जा म्हणता येत नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि श्वास मोजून घेत राहिले, ठोके खाली येईपर्यंत.

*

आषाढात मी हट्टानं कारखान्यात गेले. समेळ बरोबर होतेच. कोपऱ्यातल्या फळीवर लाल फडक्यात गुंडाळलेली ती मूर्ती होती. मी तिला हात लावला नाही. आधी फुटक्या पाटीवर हात बसवून बघू म्हटलं. ब्रश भिजवला, अर्धा श्वास सोडला, थांबले. काळीज संथ होऊ लागलं. अंतर पडलं. मी रेघ ओढायला घेतली आणि नेमकी त्या अंतरात ढुशी बसली. हात उडाला. रेघेला काटा आला.

दहा वेळा केलं. दहाही वेळा काटा. राखणच्या वहीत खाटेवरची बाई होती, आणि ती बाई कधी श्वास रोखत नव्हती. माझं काळीज संथ झालं की राखणला वाटायचं, ही परत मरायला लागली.

अकराव्या वेळी मागे वळून बघितलं तर समेळ भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी एवढाच विचार करत होते की माझा हात उडतोय. दर वेळी श्वास रोखला की त्यांच्या मनगटावरची टिचकी थांबत होती, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

डॉक्टर काझीकडे गेलो. तिनं पाटीचा फोटो बघितला, चाळीस दिवसांचा आलेख बघितला, आणि कपाळाला हात लावला.

"काकू, तुम्ही चाळीस दिवस केलंत काय?"

"सव्वा महिना पाळला," मी म्हटलं.

तिला हसू आवरलं नाही. मग ती गंभीर झाली. "वही पुसून परत शिकवता येतं. एकदाच. पण शिकत असताना राखण मुकी असते. नुसती बघते, ढुशी देत नाही. कड्यावरच्या टिचक्या तेवढ्या चालू राहतात. म्हणजे चाळीस दिवस तुम्ही तिच्याशिवाय. आमच्या अनुभवात दोनशे माणसांत एखाद्याचं हृदय या काळात बंद पडतं. आकडा लहान आहे. पण तो एक कोण, हे मला आधी सांगता येत नाही. म्हणून दोन अंगठे लागतात, पेशंटचा आणि सोबत्याचा."

तिनं फोन पुढे केला. मी लगेच अंगठा टेकवला. समेळांनी हात खिशात घातला.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"घाई नाही. काकूंचा अंगठा राहील. तुम्ही तुमच्या फोनवरून कधीही द्या. दिलात की काकूंना छातीत दोनदा बारीक गुरगुर जाणवेल. म्हणजे शिकायला बसली असं समजायचं."

आषाढ गेला, श्रावण गेला. मी विचारायचे आणि ते "बघू" म्हणायचे. देवासमोर हात जोडायला मला सांगायचे. "किती मिळालंय बघ. जिवंत आहेस. अजून काय पाहिजे?" मी हात जोडायचे. मनापासून जोडायचे, कारण समोरच्या गॅलरीतली गोधडीवाली मी विसरले नव्हते. पण ते सगळं जग मला दाखवून पुन्हा काचेच्या आत ठेवलं होतं, आणि काच पुसणारा माझाच नवरा होता.

*

चतुर्थीला दोन दिवस राहिले तेव्हा सकाळी संदेशचा फोन आला.

"ताई, उद्या शेवटच्या मूर्ती जातात. ती फडक्यातली आज दुपारी सोडतो नदीला. तू येतेस का? म्हणजे, भाऊ असते तर त्यांनी तुला बोलावलं असतं."

समेळ समोर चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्याही आधी मनगटावर वाचलं होतं.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "त्रास होईल."

"अंगठा द्या."

"वैजू."

"दोनशेत एक, अहो. महामार्ग ओलांडताना त्याहून जास्त मरतात."

ते मनगटाकडे बघायला लागले. तेव्हा माझा तोल गेला. "परत मनगट. मी इथे समोर बसलेय. माझ्या तोंडाकडे बघा. फाल्गुनापासून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलेलं नाही. तुम्ही मला परत आणलंत, मान्य आहे, सात जन्मांत ते ऋण फिटणार नाही. पण आणून ठेवलंत कुठे? खाटेवर. मी त्या सव्वा महिन्यातून बाहेरच आलेली नाही."

ढुशी बसली. मी थांबले नाही. "आणि भांडायचीसुद्धा लाज वाटते तुम्हाला. मला बायको म्हणून वागवत नाही, काचेची बरणी म्हणून वागवता."

दुसरी ढुशी बसली. त्यांच्या मनगटावर ती बसलेली मला त्यांच्या डोळ्यांत दिसली. मला वाटलं, आता म्हणतील, तू म्हणशील तसं. त्यांनी कप बशीत आदळला.

"तुला कळतं का काही?" ते ओरडले. "तू पडलीस, झोपलीस. तुला काही आठवत नाही. मी होतो तिथे. अकरा मिनिटं. तीस दाबायचे, परत तीस. तुझी फासळी माझ्या हाताखाली मोडली, तो आवाज मला अजून येतो जेवताना. मी एकेक ठोका माझ्या हातानं मारलाय तुझा. आणि तू म्हणतेस अंगठा द्या, चाळीस दिवस वाऱ्यावर सोडा. कशासाठी? मातीच्या डोळ्यासाठी?"

"हो. मातीच्या डोळ्यासाठी."

"हट्टी बाई. तुझी आईसुद्धा अशीच होती."

"माझ्या आईचं नाव काढू नका. लग्नात तुमच्या बहिणीनं काय म्हटलं ते विसरले नाही मी."

"तीस वर्षं तेच, तेच."

"तेहतीस."

तिसरी ढुशी बसली, चौथी बसली. समेळ थांबले नाहीत. माझ्या आईपासून ते पंख्याच्या नंबरापर्यंत सगळं त्यांनी काढलं, आणि कंडक्टरकी म्हणजे काय असतं हेही मला ऐकवलं, फाल्गुनापासून साठवलेलं सगळं. मी रडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. शेवटी दोघेही दमलो. चहा गार झाला होता.

"रिक्षा बोलावतो," ते म्हणाले. "निरोप तरी दे त्या मूर्तीला."

*

कारखाना जवळजवळ रिकामा झाला होता. फळ्यांवर मूर्तींच्या बुडांचे गोल डाग राहिले होते. संदेशनं मूर्ती पाटावर आणून ठेवली आणि फडकं सोडलं. एक डोळा माझ्याकडे बघत होता. सहा महिने अंधारात राहूनही तो शांत होता. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती कोरी माती.

"संदेश, ब्रश दे," मी म्हटलं. "बिघडली तरी नदीतच जायचीय."

त्यानं समेळांकडे बघितलं. समेळ बाहेर गेले आणि अंगणात शाडूच्या पोत्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून. आषाढातला तो भिंतीला टेकलेला घामेजला चेहरा मला आठवला. आता दहा वेळा टिचकी थांबणार, त्यांना ते बघवणार नाही, असं मला वाटलं. म्हणून गेले असतील.

मी पाटासमोर बसले. ब्रश काळ्या रंगात बुडवला, कडेला निथळला. काटा येणार हे माहीत होतं. तरी हात जागेवर नेला.

तेवढ्यात छातीत गुरगुरलं. बारीक, मांजराच्या गळ्यात असतं तसं. एकदा. मग पुन्हा एकदा.

मला समजायला क्षण लागला. मी दारातून बाहेर बघितलं. समेळांचा फोन त्यांच्या मांडीवर उघडा पडला होता. पाठ तशीच होती, फक्त खांदे वर आखडलेले होते, जसे पावसात छत्री नसताना माणसाचे असतात. त्यांनी अंगठा दिला होता. घरी नाही, रिक्षात नाही, मला सांगून तर नाहीच. सांगितलं असतं तर मी आभार मानले असते, आणि आभार ऐकायचे नव्हते त्यांना.

माझं काळीज धाडधाड वाजायला लागलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कुणी अडवलं नाही. ढुशी नाही, काही नाही. नुसतंच माझं.

बाहेरून आवाज आला, मागे न बघता. "वैजू, आधी धडधड उतरू दे. मग ओढ."

"मला शिकवू नका," मी म्हटलं.

मी बसून राहिले. ठोके एकेक करून खाली आले. त्यांच्या मनगटावरही येत असतील. या माणसानं एकदा स्वतःच्या हातांनी हे काळीज चालवलं होतं आणि आता ते माझ्या हवाली करून अंगणात बसला होता. मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते इस्पितळातल्या त्या सकाळीसुद्धा वाटलं नव्हतं. बिनओझ्याचं होतं ते.

मग मी ब्रश वर घेतला. अर्धा श्वास सोडला आणि थांबले. ठोका गेला. पुढचा लांबला. कारखान्यात आवाज नव्हता, संदेशही श्वास धरून उभा असावा. अंतर पडलं, भाऊंनी शिकवलं तेवढं, आणि मी पापणीची रेघ ओढायला घेतली, आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, न थांबता.

अंगणात माझ्या नवऱ्याच्या मनगटावर तेवढा वेळ काहीच वाजत नव्हतं. तो उठून आला नाही.